साठी, शांत आणि राहून गेलेली यात्रा

आयुष्याचे ठरावीक टप्पे साजरे करण्याची मराठी घरांतली रीत मेणबत्त्या आणि केक यांच्यापेक्षा बरीच जुनी आहे. पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी करावयाच्या विधींना परंपरेत ‘वयोवस्था शांती’ असे एकत्रित नाव असून, त्यांतली साठाव्या वर्षाची उग्ररथ शांती आणि ऐंशी ओलांडल्यावरचे सहस्रचंद्रदर्शन हे दोन विधी आजही गावोगावी होतात. साठ या आकड्याला जे महत्त्व आले, त्याचे कारण पंचांगात आहे. प्रभव ते क्षय अशी संवत्सरांची ६० नावे असतात, ती क्रमाने येत राहतात, आणि माणसाला ६० वर्षे पूर्ण होतात तेव्हा त्याच्या जन्मवेळी जे संवत्सर चालू होते, तेच नाव पुन्हा समोर येते. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबही असाच आकाशातला आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, त्यामुळे हजार पौर्णिमा भरायला साधारण ८० वर्षे आणि १० महिने जावे लागतात, आणि म्हणून हा सोहळा एक्याऐंशीव्या वर्षात येतो. जपानमध्येही साठ वर्षांचे चक्र पूर्ण झाल्याचा ‘कानरेकी’ नावाचा समारंभ असतो आणि त्यात ज्येष्ठांना लाल वस्त्र देतात. तिथला हिशेब चिनी पंचांगातल्या चक्राचा असला, तरी मूळ कल्पना तीच आहे.

या सर्व विधींत उत्सवमूर्तीने करायचे असते ते एवढेच, की पाटावर बसायचे, वयाच्या वर्षांइतक्या दिव्यांनी औक्षण करून घ्यायचे आणि आलेल्या प्रत्येकाला आशीर्वाद द्यायचे. त्याची स्वतःची काही इच्छा राहिली आहे का, हे कोणी सहसा विचारत नाही. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र शांतीच्या जोडीने, आणि अनेक घरांत शांतीच्या ऐवजी, साठीला किंवा पंचाहत्तरीला एखादा लांबचा प्रवास करण्याची प्रथा मध्यमवर्गात रुजत गेली. तिच्याकडे नवी हौस म्हणून पाहिले जाते, आणि मंगल कार्यालयाऐवजी विमानतळ आला, अशी थट्टाही होते. ही थट्टा अर्धीच खरी आहे, कारण उतारवयात एकदा लांब जाऊन यावे, ही ओढ या समाजात मुळीच नवी नाही.

‘काशीस जावे, नित्य वदावे’ ही म्हण तिचा जुना पुरावा आहे. काशीला प्रत्यक्ष जाणे न जमणाऱ्यांचे प्रमाण इतके मोठे होते, की नुसते ‘जाऊ’ म्हणत राहण्यालाही पुण्य लावून द्यावे लागले. आगगाडीपूर्वीच्या काळात दक्षिणेतून काशीला जाऊन येण्यात महिनोन्‌महिने जात, वाटेत आजार, चोर आणि नद्यांचे पूर यांचे भय असे, आणि निघताना घरची निरवानिरव करूनच माणूस उंबरठा ओलांडत असे. परत आलेल्याच्या घरी गंगेची पूजा आणि गावजेवण होई, त्याला ‘मावंदे’ म्हणत. परत येणे हीच मुळात साजरी करण्याजोगी गोष्ट होती. काशी आणि रामेश्वर यांची जोडयात्रा करणारे गंगेचे पाणी रामेश्वराला नेत आणि तिथली वाळू उत्तरेत आणत. राजालाही हा खटाटोप चुकला नव्हता. तंजावरच्या मराठी राज्याचे सरफोजी राजे दुसरे १८२० साली काशीयात्रेला निघाले ते सुमारे ३,००० माणसांचा लवाजमा घेऊन, आणि परत येईपर्यंत १८२२ साल उजाडले. त्यांनी चाळिशीतच ही यात्रा उरकली; सामान्य रयतेला तेवढी मोकळीक नव्हती.

आगगाडीने अंतर जवळ आणले, पण इच्छा पुढे ढकलण्याची सवय मोडली नाही, उलट तिला नवी कारणे मिळाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरीला लागलेल्या मराठी पिढीचा पैसा आधी धाकट्या भावंडांच्या शिक्षणाकडे, मग घराच्या हप्त्यांकडे, मग मुलांच्या फीकडे आणि शेवटी लग्नकार्यांकडे गेला, आणि प्रवासाचा क्रमांक या यादीत कायम तळाशी राहिला. सरकारी नोकरांना रजा प्रवास सवलत होती, म्हणजे ठरावीक वर्षांत एकदा स्वगावी किंवा देशात अन्यत्र जाण्याचे भाडे सरकार देत असे. तिचा उपयोगही अनेकांनी गावच्या जत्रेला आणि भाच्याच्या मुंजीला जाण्यासाठी केला. साठी येते ती मात्र निवृत्तीला लागून. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ आहे, केंद्राचे आणि कर्नाटकाचे ६० आहे, आणि त्याच सुमारास उपदान व भविष्य निर्वाह निधी यांची एकरकमी रक्कम आयुष्यात पहिल्यांदाच अशी हाती येते, की जिच्यावर आधीपासून कोणी हक्क सांगून ठेवलेला नसतो. पैसा, मोकळा वेळ आणि अजून शाबूत असलेले गुडघे यांची गाठ आयुष्यात थोडीच वर्षे पडते. मोठ्या वाढदिवसाचे खरे काम इथे कळते: स्वतःवर खर्च करण्याची लाज ज्या पिढीच्या अंगात मुरली आहे, तिला तो एक सबब देतो. ‘आम्हाला कशाला हवंय हे सगळं’ या वाक्याला ‘साठी काय दर वर्षी येते का’ एवढेच उत्तर पुरते.

या प्रथेचे सगळे स्तर एका ठिकाणी पाहायचे असतील, तर बंगळुरूच्या वायव्येकडचे यशवंतपूर स्थानक सोयीचे आहे. बाजार समितीचे प्रचंड आवार, जवळचा पीण्याचा कारखानदारी पट्टा आणि भारतीय विज्ञान संस्थेचा हिरवा परिसर यांच्यामध्ये असलेले हे जंक्शन पर्यटनस्थळ मुळीच नाही. पण हुबळी–तुमकूर मार्गाने येणाऱ्या बहुतेक गाड्या शहराच्या मुख्य स्थानकाआधी इथे थांबतात, त्यामुळे नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थिरावलेल्या मुला-मुलींकडे येणारे सांगली, कोल्हापूर, बेळगावकडचे आईवडील बरेचदा इथेच उतरतात. मराठी माणसाला हा भाग तसा परका नाही. शेजारच्या मल्लेश्वरम्‌मधले काडू मल्लेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात बांधले, असे मानले जाते, आणि बंगळुरू ही काही काळ शहाजीराजांची जहागीर होती.

याच यशवंतपूरच्या फलाटावर २३ जानेवारी २००८ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी ‘गोल्डन चॅरियट’ या आलिशान गाडीला हिरवा झेंडा दाखवला. कर्नाटकाच्या पर्यटन महामंडळाने रेल्वेच्या साहाय्याने काढलेल्या या जांभळ्या-सोनेरी गाडीच्या डब्यांना कदंब, होयसळ, राष्ट्रकूट, चालुक्य, सातवाहन अशी राजघराण्यांची नावे आहेत, आणि आत शयनकक्षांबरोबर दोन उपाहारगृहे व व्यायामाची सोयही आहे. मधली काही वर्षे तोट्यामुळे आणि नंतर कोरोनाच्या साथीमुळे ती बंद राहिली, त्याच काळात ती चालवण्याचे काम आयआरसीटीसी या रेल्वेच्याच पर्यटन व खानपान कंपनीकडे गेले आणि डिसेंबर २०२४ पासून ती पुन्हा धावू लागली. बंदीपूर, म्हैसूर, हळेबीड, चिकमगळूर, हंपी, गोवा अशा पाच रात्रींच्या फेरीला माणशी सुमारे ४ लाख रुपये पडतात. एवढ्या रकमेत त्याच स्थळांचा प्रवास साध्या गाडीने आणि बऱ्या हॉटेलांत राहून एका कुटुंबाला दोन-तीनदा करता येईल, हे उघड आहे. ही गाडी घेणारा माणूस स्थळांपेक्षा प्रसंगाचे पैसे देत असतो, आणि साठीला किंवा लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला तिकीट काढणाऱ्यांना तेच हवे असते.

या गाडीचे नाव मात्र मराठी वाचकाने थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर छापलेला हंपीचा दगडी रथ हे तिच्या नावामागचे मूळ आहे. हा रथ म्हणजे वास्तविक रथाच्या आकारात बांधलेले गरुडाचे देऊळ, आणि ते ज्या मंदिराच्या प्रांगणात उभे आहे, ते मंदिर विठ्ठलाचे आहे. विजयनगरच्या राजाने पंढरपूरची मूर्ती आपल्या राजधानीत नेली आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे. इतिहास म्हणून तिची कितपत खात्री देता येईल हा वेगळा प्रश्न, पण हंपीला गेलेला मराठी माणूस ती आठवल्यावाचून राहत नाही. तेव्हा चार लाखांची गाडी ज्या देवाच्या आवारातल्या रथावरून नाव घेते, त्याच देवाच्या गावाला यशवंतपूरहून दर आठवड्याला एक साधी एक्स्प्रेसही जाते. यशवंतपूर–पंढरपूर गाडीत शयनयान वर्गाचे तिकीट काढून चंद्रभागेच्या वाळवंटात साठी साजरी करणाऱ्याचा आनंद या हिशेबात कुठे बसवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मध्यम खर्चात मनासारखा प्रवास हवा असेल, तर यशवंतपूरहून कारवार आणि मंगळुरूकडे दिवसा जाणाऱ्या गाड्यांचा मार्ग भारतातल्या सर्वांत देखण्या घाटमार्गांपैकी एक आहे. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड या सुमारे ५५ किलोमीटरच्या पट्ट्यात ५७ बोगदे आणि शंभराहून अधिक पूल आहेत, आणि चढ ५० मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. पश्चिम घाटाचा हा भाग पावसाळ्यात दरडींमुळे अधूनमधून बंद राहतो, पण पावसानंतरच्या महिन्यांत त्याचे रूप पाहण्याजोगे असते. जुलै २०२१ पासून या मार्गावरच्या दिवसाच्या गाड्यांना ‘व्हिस्टाडोम’ डबे जोडले गेले, म्हणजे मोठ्या काचा, छतालाही काच आणि फिरत्या खुर्च्या असलेले डबे. पायऱ्या चढणे आता झेपत नाही, पण डोंगर मात्र पाहायचे आहेत, अशा सत्तरीपुढच्या प्रवाशाला यापेक्षा सुखाचा घाट सापडणे कठीण आहे. घाटात देखभालीची कामे निघाली की याच दिवसाच्या गाड्या आधी रद्द होतात, म्हणून वेळापत्रक निघण्यापूर्वी पुन्हा पाहून घेणे बरे.

दक्षिणेत साठी आणि प्रवास यांची सांगड धर्मानेच घालून दिलेली आहे, ही गोष्ट मराठी घरांत फारशी ठाऊक नसते. तमिळनाडूत मयिलाडुतुरैजवळ तिरुक्कडैयूर नावाचे गाव आहे. मार्कंडेयाचे प्राण न्यायला आलेल्या यमाला शंकराने लाथ मारली ती याच जागी, अशी तिथली श्रद्धा असल्याने दीर्घायुष्यासाठी हे क्षेत्र प्रसिद्ध झाले, आणि साठी व ऐंशी पूर्ण झालेली जोडपी तिथे जाऊन मुलानातवंडांच्या साक्षीने पुन्हा लग्न लावतात. मुहूर्ताच्या दिवशी देवळात एकाच वेळी अनेक वृद्ध वर-वधू हार घालून बसलेले दिसतात. बंगळुरूतली तमिळ कुटुंबे तिथे नियमित जातात, आणि त्यांच्या शेजाराने काही मराठी कुटुंबांनाही ही वाट दिसू लागली आहे. शांतही होते आणि प्रवासही घडतो, हा व्यवहार कोणालाही पटण्यासारखा आहे.

ज्यांच्याकडे एकरकमी पैसा नाही, त्यांच्यासाठी हल्ली सरकारेच पुढे आली आहेत, आणि त्यामागे मतांचे गणित असले तरी लाभ खरा आहे. कर्नाटक सरकारच्या धर्मादाय खात्याने रेल्वेच्या ‘भारत गौरव’ योजनेतून ११ नोव्हेंबर २०२२ रोजी बंगळुरूहून पहिली ‘काशी दर्शन’ गाडी काढली. काशी, अयोध्या आणि प्रयागराज या आठ दिवसांच्या यात्रेचा खर्च तेव्हा माणशी २०,००० रुपये होता, त्यातले ५,००० राज्याने सोसले, आणि बेळगाव व रायबाग इथेही चढण्याची सोय असल्याने सीमाभागातल्या मराठी भाविकांचीही सोय झाली. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना’ जाहीर केली. तिच्यात ६० वर्षे पूर्ण झालेल्या आणि अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला ३०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चात ठरावीक तीर्थक्षेत्री नेले जाते. पहिली गाडी २८ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्हापूरहून अयोध्येला सुटली. एसटीने तर ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्यात मोफत प्रवास दिला असून, ६५ ते ७५ या वयात निम्मे भाडे पडते. याच्या उलट रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत, जी ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के मिळत असे, ती मार्च २०२० मध्ये साथीच्या वेळी थांबली आणि साथ ओसरल्यावरही परत आली नाही. एक दार उघडताना दुसरे मिटले, आणि मिटलेले दार जास्त लोकांच्या वापरातले होते.

पैशापेक्षाही अवघड अडसर वयाचा असतो, आणि तो नेमका त्या प्रवासांना असतो, जे लोक आयुष्यभर मनात धरून असतात. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या कैलास-मानसरोवर यात्रेला सरकारमार्फत जायचे, तर वय १८ ते ७० च्या दरम्यान असावे लागते, उंचीच्या मानाने वजन मर्यादेत असावे लागते आणि वैद्यकीय तपासणी पार करावी लागते, कारण परिक्रमेतली डोलमा खिंड ५,६०० मीटरहून उंच आहे. अमरनाथलाही सत्तरीनंतर नोंदणी होत नाही. युरोपात शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, आणि सत्तरीपुढे असा विमा महागही होतो व आधीपासूनचे आजार त्यातून वगळलेही जातात. ‘पंचाहत्तरीला कैलासला जाऊ’ हा बेत त्यामुळे केवळ बोलण्यापुरता उरतो. कठीण प्रवास साठीला करून सोपे प्रवास पुढच्या टप्प्यांसाठी ठेवणे, एवढाच क्रम व्यवहारात टिकतो; अनेक घरांत तो नेमका उलटा लावला जातो, कारण साठीला शिमला होते आणि कैलास ‘नंतर’साठी राहतो.

माणसे वयाच्या पूर्णांकांना एवढे महत्त्व का देतात, याचा मानसशास्त्रानेही विचार केला आहे. ॲडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड या अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकांनी २०१४ मध्ये असे मांडले, की २९, ३९, ४९ अशा दशकाच्या उंबरठ्यावरच्या वयात माणसे आयुष्याच्या अर्थाचा अधिक विचार करतात आणि पहिली मॅरेथॉन धावण्यासारखी मोठी पावले उचलतात. त्यांच्या आकडेवारीवर पुढे आक्षेप घेतले गेले, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. नेदरलँड्समधल्या सुमारे दीड हजार प्रौढांची २०१० साली प्रसिद्ध झालेली पाहणी अधिक विचार करायला लावते. तिच्यात सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले ते निघण्यापूर्वी. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नव्हता. काशीचे नाव नित्य घेण्याला पुण्य लावून देणाऱ्या पूर्वजांनी वाट पाहण्यातले सुख पाहणीवाचून ओळखले होते. पण त्या सुखालाही तारीख लागते, आणि बेत ठरलेलाच नसेल, तर वाट पाहण्याची जागा हळूहळू हळहळ घेते.

या प्रथेतला सर्वांत नाजूक भाग, प्रवास नेमका कोणाच्या स्वप्नातला, हा आहे. परदेशी किंवा बंगळुरूत असलेली मुले प्रेमाने आईवडिलांच्या हाती अचानक सिंगापूरची तिकिटे ठेवतात, आणि आईला पन्नास वर्षे पाहायचे असते ते बद्रीनाथ, किंवा माहेरचे गाव, किंवा शाळेच्या पुस्तकात पाहिलेले बेलूर. काही वर्षांपूर्वी बंगळुरूतली नोकरी सोडून सत्तरीच्या आईला जुन्या स्कूटरवरून देश दाखवायला निघालेल्या म्हैसूरच्या मुलाची बातमी देशभर गाजली. घरापासून जवळ असलेले बेलूर-हळेबीडही आपण पाहिलेले नाही, असे मुलाने विचारल्यावर आई बोलून गेली आणि त्यावरून हा प्रवास सुरू झाला. त्यातली स्कूटर लोकांच्या लक्षात राहिली. खरे तर लक्षात राहण्याजोगी गोष्ट ही, की मुलाने आईला आधी विचारले आणि मग ऐकले. आश्चर्याचा धक्का देण्यात देणाऱ्याची हौस अधिक भागते. आईवडिलांना कुठे जायचे आहे, हे विचारले तर पहिले उत्तर ‘कुठेही नको’ असेच येणार, म्हणून ते दोन-तीनदा आणि निवांतपणे विचारावे लागते.

ठिकाण ठरल्यावर व्यवहाराच्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रेल्वेत ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा राखीव हिस्सा असतो, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच पात्र प्रवासी असले तर लागू होतो. सगळ्या कुटुंबाचे एकत्र तिकीट काढले, की उत्सवमूर्तीलाच वरच्या बर्थवर चढण्याची पाळी येऊ शकते, म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे. आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा वाढदिवसाच्या तारखेतून दोन महिने वजा करून तो दिवस घरच्या दिनदर्शिकेवर आत्ताच लिहून ठेवावा.